बाक बांधू नये

आमची नात कार्तिकी ज्या खुर्चीवर बसते ती खुर्ची चालायला लागते. नात जागची हलत नाही. पाय लोंबकळत सोडून ती गप बसलेली असते आणि खुर्ची तिला घेऊन निघते. फार जोरात नाही, बाजारातून जड पिशवी घेऊन परतणाऱ्या बाईच्या चालीनं. भिंत आली की वळते. उंबरा आला की आधी पुढचे दोन पाय टाकते, दम खाते, मग मागचे दोन.

मला पहिला संशय खुर्चीचा आला. लोणंदला आमचं मंडपाचं काम आहे. ढवण मंडप. लग्न असो, दहावं असो, नाहीतर पुढाऱ्याची सभा, खुर्च्या आमच्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर तांबड्या रंगात 'ढवण' लिहिलेलं असतं, कारण लोक जेवायला येतात आणि जाताना खुर्ची घेऊन जातात. ठेवल्या जागेवर खुर्ची नसणं मला नवं नाही. ती कुणी न उचलता जाते, एवढंच नवं होतं.

धंदा आता माझा मुलगा नवनाथ बघतो. त्यानं आणलेली प्लास्टिकची खुर्ची मी उलटी करून बघितली, पाय वाकवून बघितले. काही नाही. लोखंडी घडीची खुर्ची दिली, ती खडखडत गेली. लाकडी दिली, ती कुरकुरत गेली. पाट दिला, तो सरकत गेला. नुसत्या जमिनीवर बसवली तेव्हा जमीन हलली नाही, पण मग कार्तिकीच उठून गेली.

दुसरा संशय सुनेच्या माहेरचा. पाळणा त्यांच्याकडून आला होता आणि तो कुणी न ढकलता झुलायचा. बायका म्हणाल्या, काय गुणाचा पाळणा! मी तेव्हाच म्हणालो होतो, फुकटचा गुण बरा नसतो. माझं कोण ऐकतं.

घरात या गोष्टीचा फारसा त्रास नव्हता. जेवताना कार्तिकी स्वयंपाकघरातून ओसरीवर, ओसरीवरून न्हाणीकडं अशी फिरत जेवायची. सून अर्चना ताट तिच्या मांडीवर द्यायची आणि पोळी वाढायला खुर्ची जवळून जाईपर्यंत थांबायची. त्रास सुरू झाला तिसरीत. शाळेतला बाक दोघींचा असतो. कार्तिकी बसली की बाक निघायचा आणि शेजारची पोर फुकटची फिरून यायची. आधी तिच्या शेजारी बसायला पोरींची भांडणं. मग एकीच्या आईनं तक्रार केली, तेव्हा सगळ्यांच्या आयांना आठवण झाली.

हेडमास्तर थोपटे यांनी मला बोलावलं. नवनाथ गणपतीच्या मंडपांत अडकलेला, म्हणून मी गेलो.

"बसा ढवणकाका."

"उभाच बरा."

"तुमची मर्जी. अडचण अशी आहे, की हजेरीच्या वेळी मुलगी वर्गात नसते."

"पळून जाते का?"

"नाही. मुलगी जागेवरच असते. जागा वर्गात नसते."

"मग बाकाला विचारा."

"मुलीनं जागा सोडली तर काय करायचं ते नियमात आहे. जागेनं मुलीला घेऊन वर्ग सोडला तर काय, ते कुठंच नाही. मी वर विचारणा केली. वरून उत्तर आलं, की बाक कोणत्या वर्षीच्या खरेदीतला ते कळवा."

मला थोपट्यांचाही संशय आला. निकृष्ट बाक घ्यायचे आणि खापर पोरीवर फोडायचं. मी सरळ विचारलं, "बाकात कमिशन किती खाल्लंत?"

ते चिडले नाहीत. ड्रॉवर ओढून त्यांनी चष्मा पुसायचं फडकं काढलं. "काका, त्याच बाकावर दुसरी मुलगी बसवली. बाक हलला नाही. चौथीतल्या बाकावर कार्तिकीला बसवलं. तो पार मुतारीपर्यंत गेला. दिवाळीच्या सुट्टीआधी काहीतरी लागणार. एकतर बाक वर्गात राहिला पाहिजे, नाहीतर साताऱ्याला मुलं तपासायचं केंद्र आहे, तिथला कागद आणा. दोन्ही नाही झालं तर दाखला घेऊन जा. मला बाकीची पोरं आहेत."

दाखला म्हणाला. आठ वर्षांच्या पोरीला. लोणंदमधल्या दुसऱ्या शाळेत आधीच कळवून ठेवलेलं असणार, मास्तर लोक एकमेकांना सगळं सांगतात. मग पोर घरीच. मी म्हणालो, "कागदबिगद काही नको. बाक वर्गात राहील."

मंडपवाल्याला एक गोष्ट पक्की येते, बांधणं. वारा सुटला की शिकलेला माणूस आभाळाकडं बघतो, आम्ही दोरी बघतो. दुसऱ्या दिवशी काथ्या घेऊन गेलो आणि कार्तिकीचा बाक खिडकीच्या गजाला बांधला. ती गाठ वादळात सुटत नाही, कापावी लागते. कार्तिकी बसली. बाकानं एक हिसका दिला, दुसरा दिला. गज वाजला. मग बाक थांबला. बाई टाळ्या वाजवायच्याच राहिल्या. थोपट्यांनी मला चहा पाजला, तो मी उभ्यानं प्यालो.

आठवडाभर सगळं ठीक होतं, म्हणजे शाळेत ठीक होतं. घरी कार्तिकी बोलेना. एरवी ही पोर ओसरीवरून एक फेरी मारेपर्यंत चार प्रश्न विचारायची आणि उत्तराला न थांबता पुढं जायची. आता विचारलं तरी "हं" म्हणायची. अर्चनानं वही उघडून माझ्यापुढं धरली. तारीख घातलेली, खाली काही नाही. रोज नुसती तारीख.

"बाई काय शिकवतात गं?" मी विचारलं.

"माहीत नाही आबा."

"वर्गात असतेस ना?"

"बाक असतो."

"आणि तू?"

"बाक चालत असला की मी तिथंच असते. बाक बांधला की मी जाते."

"कुठं जातेस?"

"ते मला नंतर आठवत नाही."

मला वाटलं, बहाणा. पोरं बहाणे करतात, मी पण केलेत. पण अर्चना आत गेली, विळी घेऊन आली आणि म्हणाली, "मामंजी, उद्या शाळेत जाऊन मी दोरी कापणार आहे. तुम्हाला यायचं तर या."

"बाक गेला तर दाखला देतील."

"दाखला दिला तर बघू. पोर गेली तर कुठून आणायची?"

माझ्या घरात माझ्याच गाठीवर विळी. दोरी तिनंच कापली आणि थोपट्यांना सांगितलं, की आम्ही साताऱ्याला जातोय.

साताऱ्याला जाताना मी घरातली एक खुर्ची खांद्यावर घेतली. तपासणीवाल्यांची खुर्ची मुद्दाम चालणारी असली तर? आजकाल सगळं जमवलेलं असतं. एसटीत कार्तिकी खिडकीशी बसली. एसटीची सीट बोल्टानं बसवलेली असते, ती एकटी जाऊ शकत नाही, म्हणून गाडीच वेळेच्या बरीच आधी पोचली. उतरताना ड्रायव्हर कंडक्टरला सांगत होता, "वाठारपासून ब्रेकवर पाय ठेवून आलोय." कंडक्टरनं आमच्याकडं बघितलं. मी पण त्याच्याकडं बघितलं. तिकीट आमच्याजवळ होतं.

केंद्रातल्या बाईंचं नाव मुजावर मॅडम. पिकलेले केस, पायात साध्या चपला, भिंतीवर एकही सर्टिफिकेट नाही. मला तिथंच संशय आला. ज्याच्याकडं असतं तो लावतो.

"डोळे तपासलेत? कान? झोप लागते नीट?" त्यांनी विचारलं.

अर्चनानं सगळ्याचे कागद दिले. मी म्हणालो, "गोळ्या लिहून द्यायच्या असतील तर आत्ताच सांगा. आम्ही परतीची गाडी धरतो."

"गोळीचं नंतर. लागली तर डॉक्टर ठरवतील, मी नाही. आधी खुर्चीचं बघू."

औषध न खपवणारा माणूस तर जास्तच संशयाचा. मी दाराजवळ उभा राहिलो.

मॅडमनी आधी एक कागद शाळेकडून मागवून घेतला होता, एक अर्चनाकडून आणि एक माझ्याकडून. तिन्ही कागदांवर प्रश्न तेच. खुर्ची काम अर्धवट टाकून जाते का? खुर्ची आपली पाळी येईपर्यंत थांबते का? खुर्ची कशाला तरी घाबरून जाते, की नुसतीच जाते? पुढं 'कधीच नाही', 'कधीकधी', 'नेहमी' यातल्या एकावर खूण करायची. थोपट्यांनी सगळीकडं 'नेहमी' केलं होतं. मी सगळीकडं 'कधीच नाही' केलं होतं. घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला?

मॅडमनी तिन्ही कागद शेजारी ठेवले. "तुम्ही तिघं तीन वेगवेगळ्या खुर्च्यांबद्दल बोलताय."

"मास्तर खोटं बोलतोय."

"मास्तर दमलाय. तुम्ही घाबरलाय. आई तेवढी खुर्चीकडं बघतेय." असं म्हणून त्यांनी अर्चनाला विचारलं, "घरी पण चालते?"

"चालते. घरात आम्ही वाट देतो, म्हणून कळत नाही."

"फक्त शाळेत चालली असती तर मी शाळा तपासली असती. फक्त घरात चालली असती तर घर तपासलं असतं. बाळ, ये, बस इथं."

"थांबा," मी म्हणालो आणि आमची 'ढवण' लिहिलेली खुर्ची पुढं केली. मॅडमना राग येईल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "बरं झालं आणलीत. दोन्हीवर बघू."

आमच्या खुर्चीवर आधी त्या स्वतः बसल्या. खुर्ची थांबली. अर्चनाला बसवलं. खुर्ची थांबली. कार्तिकी बसली आणि खुर्ची कपाटाकडं निघाली. केंद्राची खुर्ची पण तशीच गेली, फक्त तिला टेबलाचा कोपरा माहीत असल्यामुळं ती अलीकडूनच वळली.

मग मॅडमनी माझ्याकडून खुर्ची बांधून घेतली. खिडकीच्या गजालाच. कार्तिकीला सांगितलं, मी आकडे म्हणेन, तू ते उलट म्हण. मॅडम म्हणायच्या आणि कार्तिकी खिडकीबाहेर बघायची. बाहेर एक माणूस टाकीवर चढून पाण्याची पातळी बघत होता, तो उतरून गेला तरी ती टाकीकडंच बघत होती. एकही उत्तर नाही. मॅडमनी तिला रागावलं नाही. मला म्हणाल्या, "सोडा."

"ही गाठ सुटत नाही. कापावी लागते."

"मग कापा."

माझीच गाठ मी कापली. दोन जणी माझी गाठ कापायला लावतात, एकाच महिन्यात. खुर्ची निघाली. मॅडम आकडे म्हणायच्या आणि उत्तर कधी त्यांच्या पाठीमागून यायचं, कधी दाराकडून. मॅडमची मान दुखली असणार. सगळी उत्तरं बरोबर नव्हती, मधली काही गाळलीच पोरीनं. पण ती तिथं होती. एकदा तर फेरी मारता मारता तिनंच विचारलं, "मॅडम, तुम्ही मघाशी सात म्हणालात तेव्हा आवाज का बारीक केला?"

"मुद्दाम केला होता," मॅडम म्हणाल्या आणि हसल्या.

"मग आता हिला काय म्हणायचं?" मी विचारलं. "वेडी?"

"वेडी नाही. मठ्ठ नाही. हट्टी नाही. एका जागी लक्ष धरून ठेवायला हिला त्रास होतो, त्याला मोठं इंग्रजी नाव आहे, चार अक्षरांत लिहितात. तुम्हाला घाई आहे म्हणून मी आज ते नाव लावणार नाही. अजून दोनदा यावं लागेल. आणि खुर्ची सोडली म्हणजे सगळं झालं असंही नाही. ही डबा विसरणार, वही विसरणार, दुसऱ्याचं बोलणं तोडणार. त्यासाठी शिकवावं लागेल, हिला आणि तुम्हाला पण." मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "घरात आणखी कुणाच्या खुर्चीला असं होतं?"

"कुणाच्याही नाही," मी म्हणालो.

अर्चना खोकली.

"काय?" मॅडमनी विचारलं.

"मामंजी बसत नाहीत."

"म्हणजे?"

"जेवतात उभ्यानं. टीव्ही दारात उभं राहून. लग्नातसुद्धा अंतरपाट धरेपर्यंत हे पाटासकट कोठीच्या खोलीपाशी गेले होते, असं सासूबाई सांगायच्या. भटजींनी तिथंच येऊन मंगलाष्टकं म्हटली."

"जमीन उताराची होती," मी म्हणालो. "आणि आमचा धंदा लोकांना बसवायचा आहे, बसायचा नाही. मालक बसला की खुर्च्या जातात."

"शाळा किती शिकलात आजोबा?"

"दुसरी."

"का सोडलीत?"

"मी नाही सोडली. आम्ही तरटावर बसायचो. तरट हलक्या प्रतीचं होतं. एकदा ओढ्यापलीकडं सापडलो. गुरुजी म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस."

कार्तिकी खुर्चीवरून माझ्यासमोरून गेली आणि जाताना माझ्याकडं बघत राहिली, मान वळवून, पार कपाटापर्यंत.

मॅडमनी काहीतरी लिहिलं. चांगल्या दोन ओळी. मला त्या ओळींचा संशय आहे. त्यांनी एक खुर्ची माझ्याकडं सरकवली. "बसून बघता?"

"उभाच बरा."

त्यांनी जोर केला नाही.

पुढं दोनदा गेलो. दोन्ही वेळा गाडी लवकर पोचली. शेवटी कागद मिळाला. नाव घातलं होतं, ते चार अक्षरी. त्याखाली शाळेसाठी सूचना. अर्चनानं गाडीत वाचून दाखवल्या: बाक बांधू नये. एका वेळी एकच काम सांगावं. सांगताना बाकाच्या बरोबरीनं चालावं. मोठं काम तुकड्यात द्यावं. एक तुकडा झाला की तसं सांगावं, पोरीला आपोआप कळत नाही.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी कागद घेऊन मी आणि अर्चना थोपट्यांकडं गेलो. त्यांच्या टेबलावर दाखल्यांचं पुस्तक उघडं होतं, वर कार्बन घालून तयार. म्हणजे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मी अर्चनाला कोपरानं खुणावलं, बघ.

थोपट्यांनी कागद दोनदा वाचला. "शिक्षिकेनं बाकाच्या बरोबरीनं चालावं, असं नियमात नाही."

"चालू नये असं आहे का?" अर्चनानं विचारलं.

ते पुस्तकात बघायला लागले. बराच वेळ बघितलं. "नाही," ते म्हणाले. "आणि हजेरी? ती वर्गात नसेल तर गैरहजर लागणार. पुढं परीक्षेला बसता यायचं नाही."

"सर, बाक व्हरांड्यातून फिरून परत दारावरून जातोच ना? तेव्हा तिनं 'हजर' म्हणायचं."

"प्रत्येक फेरीला?"

"पहिल्या फेरीला. रोज एकदाच लागते ना हजेरी."

थोपटे विचारात पडले. मला वाटलं, आता नाही म्हणणार. मी तोंडात चांगली शिवी तयार ठेवली होती. पण त्यांनी दाखल्यांच्या पुस्तकातला कार्बन काढला, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, "एकटीचा बाक द्यावा लागेल. आणि व्हरांड्यातल्या कुंड्या हलवाव्या लागतील. दोन गेल्यात आधीच."

"कुंड्या आमची माणसं हलवतील," मी म्हणालो. हा माणूस एवढ्या सहज का मानला, ते मला अजून कळलेलं नाही. यात काहीतरी असणार.

"मग पालक म्हणून इथं सही करा," ते म्हणाले. "बसा."

"उभाच बरा."

"काका, टेबल ठेंगणं आहे. मागच्या वेळी उभ्यानं सही केलीत ती टेबलावर झाली, कागदावर नाही. बसा."

अर्चना माझ्याकडं बघत होती. बाहेर बाईंचा आवाज येत होता, हळूहळू सरकत, म्हणजे चालायला लागल्या होत्या. मास्तर, अर्चना आणि मी, तिघांची सही लागते आणि माझी राहिली तर पोरीचं नाव राहील की जाईल ते या माणसाच्या मर्जीवर. मी खुर्ची नीट बघून घेतली. पाय सरळ होते. पाठीवर कुणाचं नाव नव्हतं. जमीन उताराची नव्हती, मी चप्पल काढून पायानं बघितली.

बसलो. सही केली. सही कागदावर आली.

पेन परत द्यायला हात पुढं केला तेव्हा टेबल जरा लांब गेलं होतं. मग आणखी लांब गेलं. थोपट्यांनी खुर्चीतून अर्धवट उठून माझ्या हातातलं पेन घेतलं, कारण ते शाळेचं होतं. अर्चनानं दार पुरतं उघडून धरलं.

व्हरांड्यात ऊन होतं. पुढं कार्तिकीचा बाक चालला होता, शेजारून बाई वजाबाकी सांगत चालल्या होत्या. कार्तिकीनं मागं वळून बघितलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"आबा," ती ओरडली, "पाय वर घ्या. पुढं उंबरा आहे."

मी पाय वर घेतले.